तुमच्या इहिरीचं पानी खारं काहून?

एक मिनिट बारा सेकंदांचा व्हॉइस मेसेज. पाठवणारी माझी भाची. वय आठ, इयत्ता तिसरी, शाळा जिल्हा परिषदेची. गाव अकोला जिल्ह्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. म्हणजे विहिरीला पाणी भरपूर, पण पिता येत नाही, असं गाव.

मेसेजमध्ये आधी कोंबडी ओरडते. मग बादली आपटल्याचा आवाज. मग भाची सुरू होते: ‘मी आता इहिरीजोळ हावो. हे पाय, तीन गिलास हायेत. एकात इहिरीचं पानी, एकात नयाचं, एकात कॅनचं. तिघाईत साबनाचा तेवढाच तुकडा टाकला अन् हालवलं. कॅनच्या पान्याले मस्त फेस आला. नयाच्या पान्याले थोडासाक आला. इहिरीच्या पान्याले फेसच नाई, वरतं नुसतं पांढरं पांढरं आलं. म्हून आई म्हन्ते का ह्या पान्यात दाय शिजत नाई.’

मी तो मेसेज तीनदा ऐकला. पुढच्या वर्गांत ‘कठीण पाणी’ नावाने जे शिकवतात आणि जे आपण व्याख्या पाठ करून विसरलो, ते या पोरीने तीन ग्लास आणि साबणाच्या चिपट्या घेऊन करून दाखवलं होतं. साबण तिन्ही ग्लासांत ‘तेवढाच’ टाकायचा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. डाळीचा दुवा तर थेट आईच्या चुलीपर्यंत गेला.

कल्पना तिच्या सरांची. परिसर अभ्यासात पाण्याचा धडा चालू होता. सर म्हणाले, घरचं पाणी कुठून येतं ते बघा, आईबाबांच्या फोनवर बोलून रेकॉर्ड करा आणि वर्गाच्या ग्रुपवर टाका. साधी, बिनखर्चाची, झकास कल्पना. ग्रुपवर टाळ्यांचे स्टिकर पडले, अंगठे पडले. आणि मग एका पालकाचा मेसेज आला: ‘छान बेटा. पण शुद्ध बोलायला शिक.’ शेवटी हात जोडलेला इमोजी.

दुसऱ्या दिवशी भाचीच्या वहीत काय होतं माहितीये? ‘पाण्याचे स्रोत : विहीर, नळ, कॅन. पाणी जपून वापरावे.’ अक्षर सुंदर. खाली लाल शाईची बरोबरची खूण. तीन ग्लास गायब, फेस गायब, डाळ गायब.

पुढच्या आठवड्यात झाडांचा धडा आला. पुन्हा रेकॉर्डिंग करायचं होतं. भाचीने केलं नाही. बहिणीने कारण विचारलं तर एवढंच म्हणाली, ‘मले नाई येत शुद्ध.’

पडदा आला, पाटी गेली

प्राथमिक शाळेत तंत्रज्ञान आलं नाही, असं आता कोणी म्हणू शकत नाही. 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत गावोगावच्या जिल्हा परिषद शाळा डिजिटल व्हायला लागल्या. लोकवर्गणी झाली. कुठे सरपंचाने टीव्ही दिला, कुठे माजी विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टर, कुठे शिक्षकांनी स्वतःच्या पगारातून टॅब घेतले. गावाने शाळेसाठी पैसे काढणं ही काही छोटी गोष्ट नाही, आणि ज्यांनी काढले त्यांच्याबद्दल आदरच आहे.

मग पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आले. त्यामागची मूळ खटपट सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींची, हे आपल्याला 3 डिसेंबर 2020 ला नीट कळलं. त्या दिवशी त्यांना ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. लॉकडाऊनमध्ये आधीपासूनचं ‘दीक्षा’ अ‍ॅप कामाला आलं, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ आलं, जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली.

पण या सगळ्याची दिशा बघा. मजकूर वरून येतो, पोरगं खाली बसून बघतं. फळा होता तिथं पडदा आला, बस. पाटीचं काय? पाटी म्हणजे पोराच्या हातातली वस्तू, जिच्यावर तो स्वतः काहीतरी काढतो. ती वस्तू तंत्रज्ञानाने फार कमी वेळा दिली.

शिक्षकांचे ब्लॉग घ्या. मराठीत ते ढिगाने आहेत आणि त्यांतले कित्येक अतिशय मेहनतीने चालवलेत. उघडून बघा. परिपत्रकं, संकलित चाचणीचे पेपर, परिपाठाचे सुविचार, शिष्यवृत्तीचे सराव संच, पगाराचं कॅल्क्युलेटर. शिक्षकांसाठी खजिनाच. पण त्या ब्लॉगवर मूल शोधा. फोटोत सापडेल, रांगेत उभं, हातात प्रमाणपत्र. त्याचं वाक्य शोधा. वाक्य सापडणं अवघड आहे. ‘विद्यार्थ्यांनी वृक्षारोपण करून पर्यावरणाचा संदेश दिला’ हे पोराचं वाक्य नव्हे. पोरगं म्हणेल, ‘मी लावलं थे झाड बकरीनं खाल्लं.’

अन् खरं शिक्षण त्या बकरीपासून सुरू होते ना बाप्पा.

आपल्याकडे ब्लॉग होता, कुलपात

तुमच्यापैकी जे जिल्हा परिषदेच्या किंवा गावातल्या खासगी अनुदानित शाळेत शिकले, त्यांना ‘हस्तलिखित’ आठवत असेल. जाड ड्रॉइंग पेपर, स्केचपेनच्या महिरपी, मुखपृष्ठावर सरस्वती नाहीतर उगवता सूर्य. वर्षातून एकदा निघायचं. सुंदर अक्षरवाल्या दोन पोरी रात्र रात्र बसून सगळ्यांचं लिखाण उतरवून काढायच्या. वार्षिक स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन. पाहुणे दोन पानं उलटायचे, मान डोलवायचे, आणि हस्तलिखित मुख्याध्यापकांच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात जायचं. किल्ली शिपायाकडे.

मी चौथीत असताना पोळ्यावर लिहिलं होतं. आमच्या घरी बैलजोडी होती. त्यातला एक बैल पोळ्याच्या दिवशी झुली घालू देत नव्हता, आणि आजा त्याच्या कानात काहीतरी बोलला तेव्हा तो उभा राहिला, असं काहीतरी. ‘आमच्या आज्यानं त्याले सांगतलं’ हे माझं वाक्य. छापून, म्हणजे लिहून आलं तेव्हा ते असं झालं होतं: ‘बैल हा शेतकऱ्याचा मित्र आहे. पोळा हा सण महाराष्ट्रात उत्साहात साजरा केला जातो.’ आज्याचं कुठेच नाव नाही. बाईंनी प्रेमानेच केलं असणार, पाहुणे येणार होते. पण मला आठवतं, घरी गेल्यावर आज्याने विचारलं, ‘मायाबद्दल काय लेयलं बे?’ आणि मी म्हटलं, ‘काहीच नाई.’

म्हणून मी म्हणतो, अडचण फोनची, नेटची, लॅपटॉपची नाहीच मुळी. कागदाच्या काळातही आपण मुलाचं लिखाण घ्यायचो, धुवून, इस्त्री करून कपाटात ठेवायचो. हस्तलिखिताला वाचक नव्हता, प्रेक्षक होते. दोन्हीत फरक आहे. प्रेक्षक टाळ्या वाजवतो. वाचक विचारतो, ‘मग बैल कानात काय ऐकून उभा राहिला?’

हा फरक सुमारे शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या मास्तरला उमगला होता. सेलेस्तँ फ्रेने त्याचं नाव. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला गोळी लागलेली, त्यामुळे दिवसभर वर्गात मोठ्याने बोलणं शक्य नव्हतं. 1924 च्या सुमारास त्याने एक लहानसं छपाईयंत्र विकत आणलं आणि वर्गात ठेवलं. पोरं गावात हिंडून यायची, पाहिलेलं सांगायची, त्यातलं एक निवडून स्वतःच खिळे जुळवायची, छापायची. मग त्याने एक भन्नाट गोष्ट केली. ते छापलेले कागद देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या समुद्राकाठच्या एका शाळेत पाठवले. तिथल्या पोरांनी आपले कागद उलट पाठवले. डोंगरातल्या पोरांना समुद्र माहीत नाही, समुद्रावरच्यांना डोंगर नाही. आता खाडाखोड करायला कारण मिळालं: तिकडच्यांना कळलं पाहिजे ना! मास्तरच्या लाल शाईची गरजच कमी झाली.

ब्लॉग म्हणजे तरी दुसरं काय आहे?

खैराटची ‘रोजनिशी’

आपल्या महाराष्ट्रातही एक प्रयोग होऊन गेला, आज फारसा कोणाला आठवत नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट धनगरवाडा म्हणून वस्ती आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीची वीसेक मुलं. 2007 मध्ये त्या प्रत्येकाला एकेक हिरवा-पांढरा लॅपटॉप मिळाला. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून तेव्हा पेपरात खूप गाजला होता. किंमत काही शंभर डॉलरपर्यंत उतरली नाही, आणि केंद्र सरकारने तर 2006 मध्येच या योजनेला नकार दिला होता. हा पैसा आधी वर्गखोल्यांवर आणि शिक्षकांवर खर्च व्हावा, असं दिल्लीचं म्हणणं होतं. ते चूक होतं असंही म्हणवत नाही.

मला त्या यंत्रातली एकच गोष्ट सांगायची आहे. त्यात आपल्यासारखे फोल्डर आणि फायली नव्हत्या. ‘जर्नल’ होतं, म्हणजे रोजनिशी. मुलाने काढलेला फोटो, लिहिलेली ओळ, रेकॉर्ड केलेला आवाज, सगळं तारखेनुसार आपोआप त्यात जमा व्हायचं. यंत्र बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं की मूल रोज काहीतरी करणार आणि ते नोंदवण्यासारखं असणार. कॅमेरा आणि माइक मुलाच्या हातात, मास्तरच्या नाही. आमच्या डिजिटल वर्गातला टीव्ही भिंतीवर सहा फुटांवर ठोकलेला असतो, रिमोट टेबलाच्या खणात. हा फरक पैशाचा कमी आणि भरवशाचा जास्त आहे.

आणि आता तो शंभर डॉलरचा लॅपटॉप शोधायला जायची गरज राहिलेली नाही. कॅमेरा, माइक, कीबोर्ड, नेट, सगळं असलेलं यंत्र गावातल्या बहुतेक घरांत आलंय. ते तुमच्या खिशात आहे.

खिचडीचा फोटो काढला तर?

इथं एक पोरगी आठवते, तिची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांनी पुन्हा ऐकावी. मार्था पेन. स्कॉटलंडमधल्या लॉकगिलफेड नावाच्या लहान गावात प्राथमिक शाळेत शिकणारी, वय नऊ. एप्रिल 2012 च्या शेवटी तिने लिखाणाचा उपक्रम म्हणून वडिलांच्या मदतीने ब्लॉग सुरू केला. विषय: शाळेतलं दुपारचं जेवण. रोज ताटाचा फोटो काढायचा आणि मार्क द्यायचे. चवीला दहापैकी किती, घास किती झाले, तब्येतीला कसं, आणि एक रकाना होता: जेवणात केस किती सापडले.

कल्पना करा आपल्या शाळेत हे चाललंय!

लोकांनी ब्लॉग उचलून धरला. काही आठवड्यांत लाखो वाचक झाले, देशोदेशीची मुलं आपापल्या ताटांचे फोटो पाठवू लागली. जूनच्या मध्यावर एका वर्तमानपत्राने भडक मथळा दिला आणि स्थानिक परिषदेने, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा परिषदेनेच, फर्मान काढलं: शाळेत फोटो काढायचे नाहीत. मार्थाने निरोपाचं लिहून टाकलं. त्यावर एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी परिषदेच्या प्रमुखांनी बंदी मागे घेतली. दरम्यान मार्था एका संस्थेसाठी पैसे गोळा करत होती. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या शाळेत स्वयंपाकघर बांधायला तिला सात हजार पौंड हवे होते. बंदीच्या बातमीनंतर एक लाखाच्या वर जमा झाले. स्वयंपाकघर बांधून झालं.

आपल्याला ही गोष्ट सांगताना शेवटचा भाग आवडतो, पैशांचा. मला मधला भाग महत्त्वाचा वाटतो. पोरीने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. ताटात जे होतं त्याचा फोटो होता. आणि तरी मोठी माणसं घाबरली.

आपल्या शाळेतही दुपारी जेवण असतं. 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झालेली योजना, 2021 पासून नाव ‘पीएम पोषण’. 2024 मध्ये महाराष्ट्राने पाककृतींची नवी यादीही काढली: व्हेज पुलाव, मसालेभात, मोड आलेल्या मटकीची उसळ, असं बरंच काही. आता समजा चौथीतल्या एका पोट्ट्याला सांगितलं की बापू, तू रोज जेवतो ना, मग रोज दोन ओळी लिही, काय होतं, कसं होतं, किती घास खाल्ले. भाषेचा तास झाला, गणिताचा झाला, आहारशास्त्राचा झाला. पण ‘आज पुलावात वटाणा नव्हता’ हे वाक्य बाहेर गेलं की काय होईल? पहिली नोटीस मुख्याध्यापकांना. दुसरी स्वयंपाक करणाऱ्या ताईंना, ज्यांचं मानधन आधीच तुटपुंजं. मार्थाच्या वेळीही पहिला बाण स्वयंपाकघरातल्या बायांवरच सुटला होता, ताटाचं कंत्राट ठरवणाऱ्यांवर नाही.

म्हणून शिक्षक मुलांना मोकळं लिहू देत नाहीत तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. भीती खरी आहे. भाचीच्या सरांनी रेकॉर्डिंग करायला लावलं हेच धाडस. गावची विहीर खारी आहे, नळाला रोज पाणी येत नाही, हे आठ वर्षांची पोर शांतपणे सांगते तेव्हा ती कोणावर आरोप करत नसते, निरीक्षण नोंदवत असते. पण ते निरीक्षण ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर फॉरवर्ड झालं की आरोपच होतं. मग सोपा मार्ग उरतो: ‘पाणी जपून वापरावे.’ या वाक्याने कोणाचंच काही बिघडत नाही. शिकणंही होत नाही, ते सोडा.

शुद्ध म्हणजे कुणासारखं?

आता त्या ‘शुद्ध’कडे येऊ.

अकोल्यात आपण मोठ्या अभिमानाने सांगतो की विठ्ठल वाघ आपले. त्यांची वऱ्हाडी कविता संमेलनात टाळ्या घेते. उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960 ची, वऱ्हाडी बोलीतली माणसं घेऊन मराठीतल्या मोठ्या कादंबऱ्यांत जाऊन बसली. आज रीलवर वऱ्हाडी कॉमेडी टाकणाऱ्या आपल्याच दोस्तांना किती लाइक पडतात ते तुम्ही बघताच. म्हणजे मोठ्याने वऱ्हाडी बोललं तर कला, विनोद केला तर कंटेंट, आणि तिसरीतल्या पोरीने त्याच बोलीत पाण्याची कठीणता समजावली तर अशुद्ध. हे काही जमत नाही.

प्रमाण मराठी शिकायची नाही असं मी म्हणत नाहीये. शिकायचीच आहे. परीक्षा तिच्यात आहे, नोकरी तिच्यात आहे, हा लेखही तिच्यातच लिहितोय, मधूनमधून पाय घसरला तरी. पण क्रम असतो. आधी विचार बाहेर येऊ द्या, मग कपडे घाला. आधीच कपड्यांवरून हटकलं तर विचार घराबाहेरच पडत नाही. ‘मले नाई येत शुद्ध’ म्हणून तो आत जाऊन बसतो, आणि मग आपण दहावीत म्हणतो की पोरांना निबंध लिहिता येत नाही.

एक गंमत सांगतो. भाचीला लिहायचा कंटाळा म्हणून आम्ही फोनच्या बोलून टाइप करायच्या सोयीवर प्रयोग केला. मराठी आवाज ओळखणं गूगलच्या कीबोर्डवर 2017 पासून आहे. भाची बोलली ‘मले’, फोनने लिहिलं ‘मला’. ती बोलली ‘दाय’, फोनने लिहिलं ‘दादा’. ‘दादा शिजत नाही’ असं वाक्य स्क्रीनवर आलं आणि ती हसून हसून लोळली. मग स्वतःच फोन हिसकावून घेऊन एकेक अक्षर दाबत तिने दुरुस्त केलं. ‘डाळ’ लिहिलं बरं का, ‘दाय’ नाही! तिला ठाऊक आहे की बोलताना एक आणि लिहिताना दुसरं असतं. कोणी टोमणा न मारता तिने ते केलं, कारण वाक्याचा अर्थ बिघडत होता आणि वाक्य तिचं होतं.

फोन तुमचा, आवाज तिचा

आता थोडं कामाचं. हे वाचणाऱ्यांत कोणी डीएड-बीएड करतंय, कोणी पुण्याहून सुट्टीला गावी आलंय, कोणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलंय. घरातल्या लहान पोरांच्या हातात जो फोन जातो तो बहुतेकदा तुमचाच.

‘असर 2024’ चा अहवाल सांगतो की देशातल्या ग्रामीण भागात 14 ते 16 वयाच्या 80 टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही केलं असं सांगणारे 57 टक्के, समाजमाध्यमं वापरली असं सांगणारे 76 टक्के. म्हणजे चौदाव्या वर्षापर्यंत फोन कशासाठी असतो, हे ठरून गेलेलं असतं. आठव्या वर्षी फोन हातात येतो तेव्हा तो ‘बघायचा’ की ‘सांगायचा’, हे ठरवायला थोडी जागा असते. अन् तिथं शिक्षकापेक्षा दादा-ताई जास्त कामाचे.

प्राथमिकच्या मुलाला स्वतःचं खातं काढून द्यायचं नाही, हे पहिलं. व्हॉट्सअ‍ॅपलाच किमान वय 13 लागतं. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्यामुळे ब्लॉग असो की ग्रुप, चालवायचा मोठ्यांनी. मुलाचा चेहरा टाकायचा नाही. पूर्ण नाव, शाळा, गाव, घराचा रस्ता एकत्र टाकायचं नाही. आपल्याकडे उलटं होतं: फोटोत पोरगी, खाली नाव, वर्ग, शाळा, तालुका, आणि वडिलांचा मोबाइल नंबर बॅनरवर. कौतुकाच्या भरात आपण अख्खा पत्ता वाटत सुटतो. खरं तर ग्लासांचा फोटो पुरतो. विहिरीचा पुरतो. हात दिसले तरी चालतात. शिकणं तेवढ्यातच दिसतं.

दुसरं, पोरांचं लिखाण तुम्ही लिहून देऊ नका. तिसरीतल्या पोराचा ‘प्रोजेक्ट’ सायबर कॅफेतून रंगीत प्रिंट काढून आणणाऱ्या बापांची पिढी आपण पाहिलीये. आता तेच काम एआय फुकटात करतं. ‘माझे गाव’वर चारशे शब्द, एका सेकंदात. त्यात ओढा खळखळ वाहतो. आमच्या मोर्णेला येऊन बघा म्हणावं काय वाहते ते.

आणि तिसरं, जे मी भाचीच्या बाबतीत अपघाताने केलं. लाइक शोधू नका, एक वाचक शोधा. दूरचा.

झालं असं. ती रुसून बसली त्या आठवड्यात माझा सिंधुदुर्गातला एक कॉलेजचा मित्र फोनवर होता. त्याचा पोरगा चौथीत. बहिणीला विचारून मी भाचीचा तो तीन ग्लासवाला मेसेज मित्राला पाठवला आणि विसरून गेलो. दोन दिवसांनी पोराचा उलट मेसेज आला, मालवणीत. मागे नारळाच्या झावळ्यांचा सळसळाट.

‘तुमच्या बावडेचा पाणी खारा कित्याक? दर्या तर आमच्या हयसर आसा. तरी आमचा पाणी गोड!’

भाचीला अर्धा कळला नाही. ‘कित्याक’ म्हणजे काय, ‘हयसर’ म्हणजे काय, हे विचारून घेतलं. आणि कळला तसा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. प्रश्नच बिनतोड होता. समुद्र अकोल्यापासून शेकडो किलोमीटर. मग मीठ आमच्या विहिरीत आलं कुठून?

मला उत्तर थोडंफार माहीत होतं. पूर्णेच्या खोऱ्यात चिकण गाळाचा जाडच जाड थर आहे, जमीन सपाट, पाण्याचा निचरा नीट होत नाही, क्षार जमिनीत आणि भूजलात साचून राहतात. अकोला, अमरावती, बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. मी सांगायला तोंड उघडलं. तिने हात वर करून थांबवलं.

‘तू नोको सांगू मामा. मी आबाजीले इचारतो. आबाजीनं इहीर खंदली व्हती.’

मग ती आईचा फोन घेऊन ओसरीत गेली. आबाजी बाजेवर पडले होते. मला दारातून दिसत होतं, तिने फोन त्यांच्या तोंडासमोर धरला, एकदा तपासून पाहिलं की लाल टिंब लागलंय का, आणि म्हणाली, ‘आबाजी, मोठ्यानं सांगा. कोकनात आयकू गेलं पायजे.’